पंच्याण्णव टक्के चाई

नातीला पहिल्यांदा मांडीवर घ्यायचं, फोटो काढायचा, तर जरा माणसात यावं म्हणून मी सलूनमध्ये गेलो, आणि तिथून माझी जी घसरण सुरू झाली ती अजून थांबलेली नाही.

नात तेव्हा आठ दिवसांची होती आणि आठ दिवसांत मी तिला एकदाही घेतलं नव्हतं. पहिले पाच दिवस ती काविळीमुळे दवाखान्यात काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली होती. सहाव्या दिवशी घरी आली, तर नेमकं आमच्या चाकणच्या कंपनीत गिऱ्हाइकाचं ऑडिट लागलं. मी निघायचो तेव्हा ती झोपलेली, परत यायचो तेव्हाही झोपलेली. लेक तेजल म्हणायची, "उठवू का बाबा?" मी म्हणायचो, नको, रविवारी घेतो. रविवारसाठी पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला होता.

सलूनवाल्याने माझी मान खाली दाबली, मशीन फिरवायला सुरुवात केली आणि मध्येच बंद केलं. डोक्यावर एका जागी बोट टेकवून त्याने विचारलं, "साहेब, हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

त्याने मागे आरसा धरला. उजव्या कानाच्या मागे, चार बोटं वर, बाटलीच्या बुचाएवढी जागा साफ मोकळी झाली होती. एक केस नाही. गुळगुळीत, तुकतुकीत आणि गोल. एकतीस वर्षं मी लोखंडाचे भाग ठोकून घडवणाऱ्या फोर्जिंग कंपनीत क्वालिटीला आहे. इतकं गोल काही आमच्या मशीन शॉपमधून अजून आलेलं नाही.

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं पेपर टाकून बघायला आली. एक म्हणाला, "चाई लागली राव. केसात चकत्या पडतात, ती चाई." दुसरा म्हणाला, "चाई कसली, हे गजकर्ण. माझ्या मेव्हण्याला झालं होतं. त्याच्यापासून घरातल्या सगळ्यांना झालं, मांजरालासुद्धा." हे ऐकल्यावर सलूनवाल्याने माझ्या गळ्यातलं कापड दोन बोटांनी उचललं, कंगवा माझ्यादेखत औषधाच्या पाण्यात बुडवला आणि मला सांगितलं की आधी डॉक्टरला दाखवा, उरलेलं नंतर कापतो. माझी उजवी बाजू कापलेली होती आणि डावी तशीच होती. मी डाव्या बाजूचे तरी काप म्हणून विनवलं. तो म्हणाला, "साहेब, रोजीरोटी आहे."

नशिबाने भोसरीत एक त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाई रविवारी सकाळीही बसतात. तिथे मी अर्धं कापलेलं डोकं घेऊन तासभर भिंतीकडे तोंड करून बसलो. बाईंनी भिंगातून पाहिलं. म्हणाल्या, कडेचे केस उद्गारचिन्हासारखे आहेत, वर जाड आणि मुळाशी बारीक, हे चाईचंच लक्षण. मग खोलीतले दिवे घालवून एक जांभळा दिवा माझ्या डोक्यावर धरला. गजकर्णाच्या बऱ्याच बुरशा त्यात हिरव्या चमकतात म्हणे. माझं काही चमकलं नाही.

"चाई आहे," त्या म्हणाल्या. "यात शरीर आपल्याच केसांना परकं समजतं. कुणाला लागण होत नाही. तीन-चार महिन्यांत केस बहुतेक परत येतील. ताण घेऊ नका."

इथे मी नमस्कार करून उठलो असतो, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी क्वालिटीचा माणूस. मी विचारलं, "नक्की?"

"नक्की म्हणजे, पंच्याण्णव टक्के."

"आणि उरलेले पाच?"

बाईंनी श्वास सोडला. "काही बुरशा या दिव्यात चमकत नाहीत. अगदी शंभरच हवे असतील तर कातडी खरवडून लॅबला पाठवता येते, निकालाला चार आठवडे लागतात. पण काही गरज नाही हो."

त्यांचं ते 'गरज नाही' मला ऐकूच आलं नाही. पाच टक्के एवढंच ऐकू आलं. आमच्या धंद्यात शंभरात पाच नग खराब निघाले तर गिऱ्हाईक फोन करत नाही, सरळ दुसरी कंपनी शोधतं.

घरी आलो. तेजल पलंगावर बसली होती, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली नात. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तेजल म्हणाली, "म्हणजे लागण होत नाही. झालं तर मग, घ्या!" आणि तिने ते गाठोडं माझ्याकडे केलं. मी हातही पुढे केले होते.

"थांब," मी म्हणालो. मीच म्हणालो, दुसरं कुणी नाही. "पंच्याण्णव टक्केच आहे."

आमची शालन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "म्हणजे पाच टक्के आहे?"

"आहे."

"अहो, आठ दिवसांचं पोर आहे ते! टाळू भरली नाही अजून." तिने गाठोडं मधल्या मध्ये उचललं. "त्या खुर्चीत बसा. आणि शंभर टक्के असं लिहून आणल्याशिवाय इकडे यायचं नाही."

ती खुर्ची जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे, फ्रिजला लागून आहे. तिथून पलंगाचा एक कोपरा आणि नातीचे पाय दिसतात. पांढरा सदरा परत कपाटात गेला.

बाराव्या दिवशी बारसं झालं. मी आमच्या मोशीतल्या फ्लॅटच्या दारात, चपलांच्या शेजारी, मे महिन्यात कानटोपी घालून उभा होतो. आरोही नाव ठेवल्याचं मला जिन्यात कळलं. मी तिथून टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी विचारलं की बबनराव बाहेर का, तर शालन घाईघाईत सांगत होती, "त्यांना जरा डोक्याचं झालंय." त्यामुळे निघताना सगळे पाहुणे माझ्याशी फार हळू आणि फार मोठ्याने बोलले. नांदेडच्या एका विहीणबाईंनी माझा हात हातात घेऊन, "बरं वाटेल हं," असं तीनदा सांगितलं.

आता शेजाऱ्यांकडे वळतो. समोरच्या फ्लॅटमधले सोपानराव एका कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून ज्ञान जमेल तसं वाटत असतात. त्यांनी माझं डोकं उन्हात नेऊन पाहिलं. निदान केलं, पाणी. बोअरचं आणि टँकरचं मिसळलं की डोक्याचं असं होतं. मग, एकट्याचं मत पुरेसं नाही असं त्यांनाच वाटून, त्यांनी माझ्या डोक्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'बबनराव, बी विंग. काय असावं?' चौसष्ट उत्तरं आली. पाणी, हेल्मेट, मोबाइलचा टॉवर, जास्त विचार, कमी विचार. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने अभिनंदन लिहिलं, त्याला वाटलं तो बाळाचा फोटो आहे. शेवटी सेक्रेटरींचा निरोप आला की सदर सभासदाने नक्की काय ते कळेपर्यंत लिफ्टच्या आरशाला डोकं टेकू नये. मी जन्मात कधी लिफ्टच्या आरशाला डोकं टेकलेलं नाही. पण हे लिहून कळवायचं म्हणजे त्या चर्चेत भाग घेणं आलं.

सोपानरावांनी मलमाची एक ट्यूब दिली. "तीन औषधं एकात आहेत, भाऊ. काहीही असलं तरी चालतं." काहीही असलं तरी चालतं, हे वाक्य त्या दिवसांत मला देवासारखं वाटलं. मी ते मलम सकाळ-संध्याकाळ लावलं.

नातीला मालिश करायला अंबुबाई यायच्या. मूळच्या इथल्याच, शेतं गेली तरी बोलणं शेतातलंच राहिलेलं. त्यांनी मला खुर्चीतच पाहिलं. "आवं, ही चाई हाय. माज्या मालकास्नी बी व्हती. बिब्ब्याचं त्याल लावा, चार रोजात क्येस येत्यात."

"बिब्बा अंगावर उततो ना पण?"

"समद्यांच्या न्हाई उतत."

माझा हिशेब सरळ होता. केस आले की चाईच होती हे सिद्ध. मग लॅब नको, चार आठवडे नकोत, रविवारी नात मांडीवर. कामात बिब्बा घालणं असं आपण म्हणतो, ते का म्हणतो याचा विचार त्या क्षणी माझ्या मनात यायला हरकत नव्हती. आला नाही. अंबुबाईंनी काडीने तेल लावलं, हात धुतले आणि जाऊन माझ्या नातीला न्हाऊ घातलं. मी शालनला म्हणालो, "त्यांनी आत्ता माझ्या डोक्याला हात लावला." शालन म्हणाली, "त्यांनी हात धुतले." मी म्हणालो, "मी पण धुतो." ती म्हणाली, "तुम्ही डोकं धुऊ शकता का शंभर टक्के?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी टम्म पुरीएवढा फोड आला होता आणि उजवा कान पुढे ढकलला गेला होता. अंबुबाईंनी लांबूनच पाहिलं. "उतला व्हय? मंग तुमच्या रगतात उष्णता हाय," म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

डॉक्टरबाईंनी फोड पाहिला, मलमाची ट्यूब पाहिली, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "आता उद्गारचिन्हं गेली. या मलमाने बुरशी असली तरी लपते आणि नसली तरी कातडी बिघडते. आता मी काही सांगू शकत नाही."

"तरी किती टक्के?"

"साठ," त्या म्हणाल्या. त्या चिडून म्हणाल्या असतील, पण आकडा तो आकडा. पंच्याण्णवचे साठ मी स्वतःच्या हाताने केले होते. तीन आठवडे काहीही लावायचं नाही, जखम भरू द्यायची, मग कातडी खरवडायची, मग लॅबचे चार आठवडे. नात तेव्हा अडीच आठवड्यांची होती आणि सोपानराव सांगत होते की ती आता नजर स्थिर करायला लागली आहे. सोपानरावांना ठाऊक होतं, कारण ते रोज संध्याकाळी आमच्याकडे येत, हात धुवत आणि माझ्यासमोर तिला घेऊन फेऱ्या मारत.

अशा मनःस्थितीत माणूस जे करतो ते मी कंपनीत केलं. डॉक्टरबाईंचा तो जांभळा दिवा मला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला होता. तसाच दिवा आमच्याकडे आहे. तपासायच्या नगाला चुंबकत्व द्यायचं, वरून एक चमकणारं पाणी सोडायचं आणि अंधाऱ्या केबिनमध्ये त्या दिव्याखाली धरायचं. कुठे केसाएवढा तडा असेल तर हिरवी रेघ उठते. त्या केबिनमध्ये एकोणीस वर्षं धम्मरत्न बसतो. दापोडीहून येतो, बोलतो कमी, आणि त्याने पास केलेला नग आजवर परत आलेला नाही. मुख्य म्हणजे तो टक्के सांगत नाही. तो म्हणतो ओके, नाहीतर म्हणतो नॉट ओके. मला असाच माणूस हवा होता.

जखम भरल्यावर एका सकाळी चहाच्या सुट्टीत मी केबिनमध्ये शिरलो. "धम्मरत्न, जरा माझं डोकं बघ."

"साहेब, हे फोर्जिंगसाठी आहे."

"बघ रे."

त्याने पडदा लावला आणि मला पाच मिनिटं अंधारात बसवून ठेवलं, कारण डोळे सरावल्याशिवाय तपासायचं नाही असा नियम आहे आणि तो नियम मीच लिहिलेला आहे. मग दिवा लावला. त्याने माझं डोकं एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून वळवून पाहिलं.

"साहेब, हिरवं आहे."

"किती?"

"बरंच आहे. चार पट्टे आहेत, बोटांसारखे." मग त्याने खाली मान घातली आणि कर्तव्य केलं. "नॉट ओके."

डॉक्टरबाईंकडे काही चमकलं नव्हतं, म्हणजे ही नवीन लागण होती, वाढती होती. कुठून आली? रॅकमध्ये हेल्मेट लावलेली असतात, ज्याला जे मिळेल ते तो घालतो. आता प्रश्न माझा एकट्याचा राहिला नव्हता. या शिफ्टमधली सतरा माणसं घरी जाणार, त्यांच्याही घरात पोरं आहेत. मी ती सतराही माणसं एकेक करून केबिनमध्ये घेतली. सतराच्या सतरा डोकी हिरवी. मी सगळ्या हेल्मेटना लाल 'होल्ड'ची, म्हणजे 'वापरू नका'ची, पट्टी लावली. हेल्मेटशिवाय शॉपमध्ये पाऊल टाकता येत नाही, म्हणून सेफ्टीवाल्याने लाइन थांबवली. दोन तास चाकणमध्ये आमच्याइतकी शांत कंपनी दुसरी नव्हती. प्लँट हेड स्वतः खाली आले. मी त्यांना लागणीची साखळी समजावून सांगत होतो, तेवढ्यात धम्मरत्नने स्वतःचा तळहात दिव्याखाली धरला. तळहात हिरवागार चमकला.

"साहेब," तो फार हळू म्हणाला, "हे आपलंच पाणी आहे. हाताला लागतं, हात डोक्याला लागतो. आधी हात पुसून बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

चूक त्याची नव्हती. दिवसातून पन्नास वेळा नग हाताळून मीच त्या चकतीवरून बोटं फिरवत होतो. सतरा माणसांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांत एक जण म्हणाला, "काय भावा, दोन तास झोप तरी काढली असती," आणि सगळी कंपनी हसली. धम्मरत्न हसला नाही.

मला पत्र मिळालं. 'तपासणी यंत्रणेचा मानवी अवयवासाठी अनधिकृत वापर.' एकतीस वर्षांत हजारो लोकांना मी जो 'का-का' तक्ता भरायला लावला, तो मला भरायला दिला. त्यात पाच वेळा 'का' विचारायचं असतं, मग मूळ कारण सापडतं. लाइन का थांबली? हेल्मेट अडकवली. का अडकवली? डोकी चमकली. डोकी का तपासली? माझ्या डोक्यावर चकती आहे. त्या चकतीचं एवढं काय? घरी नात आहे. त्याचं काय? पाचव्या चौकटीत मी लिहिलं, 'तिला अजून एकदाही घेतलेलं नाही.' तक्ता परत आला. शेरा होता, 'उत्तर मूळ कारण वाटत नाही. पुन्हा भरावे.'

तरी मी हातपाय हलवणं सोडलं नाही. कंपनीच्या डॉक्टरांकडे जाऊन म्हणालो, मला कातडीचा संसर्गजन्य रोग नाही असा दाखला द्या. ते म्हणाले, असा नमुना नाही. उंचीवर काम करायला योग्य, क्रेन चालवायला योग्य, असे नमुने आहेत. नातीला घ्यायला योग्य, असा नाही. मग खूप शोधून एक नमुना सापडला ज्यात नेमकं ते वाक्य छापलेलं होतं. तो कँटीनच्या स्वयंपाक्यांचा होता. मला त्यासाठी अर्जात 'मदतनीस, पोळी विभाग' असं लिहावं लागलं. डॉक्टरांनी सदऱ्याच्या बाहीपर्यंत हात पाहिले आणि सही केली. मी तो कागद घरी नेऊन शालनपुढे ठेवला.

तिने चष्मा लावून सगळा वाचला. "यात डोक्याचं काही नाही. यात तुम्ही पोळ्या लाटायला योग्य आहात असं आहे."

"अगं पण संसर्गजन्य..."

"मग लाटा," ती म्हणाली, आणि खरोखरच परात माझ्यापुढे सरकवली. बाळंतिणीचं घर, तिलाही हात कमी पडत होते. त्या दिवसापासून संध्याकाळच्या पोळ्या माझ्याकडे आल्या. नातीला घेता येत नाही, पण तिच्या आईला मी केलेली पोळी चालते, यात काय तर्क आहे हे मी विचारलं नाही. तर्काने माझं जे केलं होतं ते पुरे होतं.

कातडी खरवडून झाली. दहा दिवसांनी लॅबचा फोन आला की नमुना अपुरा आहे, परत द्या. परत खरवडली. परत चार आठवडे पहिल्यापासून. या काळात नात हसायला लागली. पहिल्यांदा हसली ती सोपानरावांकडे पाहून. मग अंबुबाईंकडे पाहून. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाकडे पाहून ती खुदकन हसली आणि तो पाच मिनिटं दारात थांबून तिच्याशी बोलला. मी फ्रिजजवळ पोळ्या लाटत होतो. मी तिथून टाळी वाजवली की ती आवाजाकडे मान वळवायची, पण मी टेबलाआड असायचो आणि तिला टेबल दिसायचं. तेजल मला बाजूच्याच खोलीतून तिचे व्हिडिओ पाठवायची. ते मी कंपनीत बघायचो. एकदा तेजल रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, घ्या ना हो, काही होत नाही." मी म्हणालो, एवढे दिवस थांबलो.

मग एक दिवस चकतीवर पांढरी, मऊ लव दिसली. मी डॉक्टरबाईंकडे धावलो. त्यांनी भिंग लावलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "केस येताहेत. औषधाशिवाय. चाईच होती ती. आता लॅबची वाट बघू नका. घरी जा आणि नातीला घ्या."

"किती टक्के?"

"अहो, नव्व्याण्णव!"

मी घरी येऊन सांगितलं. आणि खरं सांगतो, शालन विरघळली. ती नातीला घेऊन स्वतः माझ्या खुर्चीपर्यंत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "घ्या हो. एका टक्क्याने काय होतंय. चुकलंच माझं."

मी पुन्हा हात पुढे केले आणि पुन्हा थांबलो. का थांबलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. रिपोर्ट पाच दिवसांवर होता. त्या एका टक्क्यातून काही निघालं आणि ते या अडीच महिन्यांच्या जिवाला लागलं, तर ते कोणाच्या सहीने गेलं असतं? माझ्या. एकतीस वर्षं मी कागद आल्याशिवाय नग सोडलेला नाही. "रविवारी," मी म्हणालो. "रिपोर्ट येतोय. रविवारी घेतो." शालन नातीला घेऊन आत गेली.

रविवार आला नाही. शुक्रवारी जावई आले, रविराज. नांदेडला त्यांच्या आजींची तब्येत अचानक बिघडली होती, पणतीचं तोंड बघायचं म्हणून त्यांनी धोशा लावला होता. लगेच निघायचं होतं. मी कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो तेव्हा गाडीत पिशव्या भरल्या जात होत्या. मी लॅबला फोन लावला. विनवण्या केल्या. म्हणाले, निकाल तयार आहे, सही व्हायची आहे. मी म्हणालो, सही करणाऱ्या माणसाला फोन द्या. त्या माणसाला मी काय म्हणालो ते आठवत नाही, पण मी मोठ्याने बोललो असणार, कारण खाली पार्किंगमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले होते.

मोबाइल वाजला. 'बुरशी आढळली नाही.' मी ते शालनला दाखवलं. तिने ते वाचलंच नाही, तेजलच्या हातून नातीला घेतलं आणि माझ्या हातांत दिलं.

ती माझ्या अंदाजापेक्षा जड होती. अडीच महिने मी ते गाठोडं लांबून पाहिलं होतं, त्याला वजन असेल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, मिशी पाहिली. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला आणि तिने असा टाहो फोडला की वॉचमन केबिनमधून उठून आला.

"ओळखत नाही ना तुम्हाला, म्हणून," तेजल म्हणाली आणि लगेच तिला आपण काय बोललो ते कळलं. "म्हणजे, सवय नाही, बाबा."

सगळ्यांनी सल्ले दिले. खांद्यावर घ्या. हलवा जरा. चुटक्या वाजवा. गाणं म्हणा. मी खांद्यावर घेतलं, हलवलं, चुटक्या वाजवल्या. गाणं मला येत नाही, मी 'आरोही, आरोही' एवढंच म्हणत राहिलो. ती माझ्यापासून लांब व्हायला मागे मागे रेलत होती, तिच्या एवढ्याशा हातांनी माझी छाती ढकलत होती. मी सोडलं नाही. मला माहीत होतं की सोडलं की दिवाळीपर्यंत नाही. रविराजनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. शेवटी ती रडून रडून लाल झाली, तिचा श्वास अडकायला लागला, तेव्हा मी तिला तेजलकडे दिलं. ती त्याच क्षणी थांबली.

गाडी गेटबाहेर पडली. शालन पदर डोळ्यांना लावून वर गेली. सोपानराव मॉर्निंग वॉकचे बूट घालून संध्याकाळच्या फेऱ्या मारत होते, ते माझ्यापाशी येऊन थांबले.

"काय बबनराव, आला का रिपोर्ट? काय निघालं?"

"काही नाही निघालं."

"बघा! मी म्हणत नव्हतो?" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सुटलात की राव!"

"हो," मी म्हणालो, आणि गेटापाशीच उभा राहिलो.